नाव काढावे, पण रंग न उडवता

आमच्या मोटारीच्या पाठीवर, नंबराच्या पाटीपासून चार बोटे वर, एक ओरखडा आहे. लांबी दीड इंच, आकार केरसुणीच्या काडीसारखा. घरी येणारा पाहुणा त्यावरून मायेने बोट फिरवतो आणि विचारतो, "रिक्षावाल्याने मारली वाटतं?" मी "हो" म्हणतो. पुण्याच्या रिक्षावाल्यांवर इतके आरोप आहेत की त्यांत आणखी एकाने त्यांचे काही बिघडत नाही. परंतु दिवाळीच्या अंकात खोटे कशाला लिहा? तो ओरखडा मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्क्रू-ड्रायव्हरने काढलेला आहे.

झाले असे की, मोटार घेतली तेव्हा तिच्या पाठीवर वाचायला पुष्कळ मजकूर होता. कंपनीचे चिन्ह, मॉडेलचे नाव, इंजिनाचा प्रकार, आणि या सगळ्यांच्या वर, ज्या दुकानातून ती घेतली त्या दुकानाचे नाव रुपेरी अक्षरांत. पैसे आम्ही मोजायचे आणि जाहिरात त्यांची करायची, हा हिशेब बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला पटणे शक्य नव्हते. एका रविवारी सकाळी मी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पहिल्या अक्षराखाली सरकवले आणि जोर दिला. अक्षर निघाले. त्याच्या सोबतीला रंगही निघाला. आमच्या सौ.नी गॅलरीतून पाहिले आणि एवढेच म्हटले, "उरलेली राहू देत. दुकानाला नावं ठेवायला अर्धं नाव पुरे आहे."

ही कीर्ती नातेवाइकांत पसरली. मात्र कीर्ती पसरता पसरता तिचा आकार बदलतो. २०२५ च्या मे महिन्यात चिंचवडहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही मोटारीवरची अक्षरं काढता ना?" मी म्हणालो, "काढतो म्हणजे, एकदा काढलं होतं." "मग शनिवारी या. दादांची गाडी द्यायचं ठरलंय. रविवारी सकाळी माणूस न्यायला येणार आहे. तेवढं नाव काढून द्या मला. पण गाडीला ओरखडा पडायला नको, त्याने विसार दिलाय."

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. ते नाव काय आहे हे मला ठाऊक होते.

आमचा दादा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. हजारांश इंचाखेरीज दुसऱ्या मापाने तो बोलत नसे आणि माणसांशी तर फारसा बोलतच नसे. लग्न झाले तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे वहिनींचे नाव बदलले. आईने सुचवलेले नाव तांदळात लिहिले गेले आणि माहेरचे तीन अक्षरी नाव माहेरीच राहिले. पुढे ते घेणारी माणसेही एकेक करून गेली. दादा तर त्यांना कोणत्याच नावाने हाक मारीत नसे. "अगं" आणि "ऐकलंस का" यांवर त्याचा संसार झाला.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्याने एक मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या पत्र्यातून ती तीन अक्षरे शिरोरेघेसकट अखंड कापली, कानसीने घासून कडा गोल केल्या, आरशासारखी चकचकीत केली आणि आपल्या गडद निळ्या इंडिकाच्या मागच्या दारावर चिकटवली. कुणाला विचारले नाही, कुणाला सांगितले नाही. वहिनींनी भाजी आणायला जाताना ते पाहिले आणि पिशवी तिथेच टाकून त्या घरात आल्या. "लोक काय म्हणतील? काढा ते आधी." दादा म्हणाला, "लोकांना वाटेल मॉडेलचं नाव आहे." आणि खरोखरच तसे झाले! पेट्रोलपंपावरचा पोऱ्या विचारी, "काका, हे कुठलं नवीन मॉडेल?" दादा गंभीरपणे सांगे, "जुनंच आहे. आता बनत नाही."

बारा वर्षे वहिनी "काढा, काढा" म्हणत होत्या. २०२४ साली मोटारीची पंधरा वर्षे भरली. दादाने खेपा घालून तिची आणखी पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. मोटारीला पाच वर्षे मिळाली, दादाला पाच महिनेही मिळाले नाहीत. त्याच डिसेंबरात तो गेला.

आता ध्यानात येईल की पेच दुहेरी होता. रंग वाचवायचा तर अक्षरांवर जोर काढावा लागणार, आणि एक मिलिमीटरचा पत्रा एकदा वाकला की तो सरळ करणारा हात आता नव्हता.

मी आमच्या गल्लीच्या टोकाला मोटारी ठोकून-रंगवून देणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो. माझा ओरखडा त्यांनी पूर्वी पाहिला होता, त्यामुळे ओळख करून द्यावी लागली नाही. सगळे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या स्वप्नातही नव्हता: "मागचं दार कंपनीच्या रंगाचं आहे, की मागून रंगवलंय?"

तिथेच वहिनींना फोन लावला. २०१३ साली कुणीतरी मागून धडक दिली होती. दार ठोकून, लांबी भरून, पुन्हा रंगवले होते आणि नाव त्यानंतर चिकटवलेले होते. मिस्त्रींनी मान हलवली.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगतो, कारण मोटारीचा रंग म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. कारखान्यात पत्र्याची आख्खी काया रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात, तो गंज रोखण्यासाठी. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर बिनरंगी पारदर्शक लाखेचा थर. हे सगळे भट्टीत भाजून पक्के केलेले असते. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे लिहिण्याच्या एखाद-दीड कागदाएवढी! त्यांतला वरचा पारदर्शक थर चाळीसएक मायक्रॉन. डोक्यावरचा केस (ज्यांना आहेत त्यांनी उपटून पाहावा) त्याहून जाड असतो. आपण ज्याला मोटारीची झळाळी म्हणतो ती केसापेक्षा पातळ असते, आणि मी तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हर चालवला होता.

गल्लीतल्या कारखान्यात दिलेल्या रंगाला कंपनीची ती भट्टी लाभत नाही. खाली लांबी असते, तिची पकड कधी पक्की तर कधी कच्ची. अशा रंगावरचे अक्षर ओढले तर अक्षर रंगाला सोडण्याऐवजी रंगच पत्र्याला सोडतो. थिनर लावले तर तो विरघळून फडक्यावर येतो.

"जुन्या गाड्यांचं बरं होतं," मिस्त्री म्हणाले. "नाव काढायचं तर आतून चाप सोडवायचा." कुर्ल्याला बनणारी फियाट, १९७४ पासून जिचे नाव पद्मिनी झाले ती, आणि ॲम्बॅसडर यांच्या जमान्यात मोटारीवरची अक्षरे बहुधा ओतीव धातूची असत. त्यांच्या पाठीला खिळे असत, पत्र्याला भोके, आणि आतल्या बाजूने चाप. अक्षर सुखरूप निघे, पण भोके उरत. भोक बुजवायचे म्हणजे डाग द्या, घासा, रंगवा, आणि तोवर पावसाचे पाणी आत शिरून गंज चढलेला असे. दादाने भोके न पाडता टेपने नाव चिकटवले ते याचसाठी. टूलरूमच्या माणसाने चांगल्या पत्र्याला विनाकारण भोक पाडणे हे त्याच्या लेखी पाप होते.

ही टेप म्हणजे पाकिटावर लावतो ती नव्हे. दोन्ही बाजूंनी चिकट, मध्ये फेसासारखा दाट थर, सगळे ॲक्रिलिकचे. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने ही जात १९८० साली बाजारात आणली आणि पुढे जगभरच्या मोटारींवरचे खिळे-चाप हळूहळू गेले. तिचा स्वभाव मोठा मानवी आहे. झटका दिला तर ती हट्टाला पेटते आणि सर्व शक्तीनिशी धरून ठेवते. ऊब दिली आणि हलक्या हाताने, सावकाश ओढत राहिले तर ती नरमते. थंडीत कडक, उन्हात मवाळ. माझे स्क्रू-ड्रायव्हरचे प्रकरण जानेवारीतल्या सकाळी सातला घडले होते, हे मला आठवले.

(जाता जाता: कंपनीच्या काही चिन्हांना टेप असूनही पाठीला एक-दोन खुंट्या असतात, नेमक्या जागी बसावीत म्हणून. तेव्हा दोरा घालण्यापूर्वी आतल्या बाजूने भोक दिसते का पाहावे. आणि ज्यांना नाव नकोच आहे त्यांनी जर्मनीत जन्म घ्यावा. तिथल्या काही कंपन्या मागणी नोंदवतानाच मॉडेलचे नाव न लावता मोटार देतात.)

शनिवारी सकाळी आठला मी चिंचवडला पोहोचलो. पिशवीत सामान: रंगाऱ्यांची कागदी टेप, सौ.चा हेअर ड्रायर, मासे पकडायचा तंगुसाचा दोरा, दोन लाकडी खुंट्या, मऊ फडकी, आणि औषधांच्या दुकानातून आणलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल. दात साफ करायचा दोराही चालतो असे सांगतात. चिरंजीवांकडचा मी घेतला होता, पण तो पुदिन्याचा वास सोडण्यापलीकडे काही करीत नाही आणि मध्येच तुटतो. तंगूस बरा.

आधी मोटार धुतली. हे काम कंटाळवाणे म्हणून टाळण्याचा मोह होतो, पण धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि धुळीवरून दोरा ओढणे म्हणजे रंगाला पॉलिशकागद लावणे. अक्षरांच्या कोपऱ्यांतली बारा वर्षांची धूळ वहिनींनी स्वतः जुन्या मऊ ब्रशाने काढली. मी "द्या, मी करतो" म्हटले तर म्हणाल्या, "हे मीच करत होते दर दिवाळीला." म्हणजे "काढा, काढा" म्हणता म्हणता दर दिवाळीला पुसतही होत्या! मी काही बोललो नाही.

मग मोटार सावलीतून उन्हात आणली. मे महिन्याचे ऊन आणि गडद निळा रंग, अर्ध्या तासात पत्रा तापला. मिस्त्रींनी माप दिले होते: तळहात ठेवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. पाचलाच हात उचलावा लागला तर जास्त तापले, वीस मोजूनही काही वाटले नाही तर कमी. अक्षरांच्या चारी बाजूंना कागदी टेप लावली, म्हणजे दोरा घसरला तर ओरखडा टेपवर पडेल. अक्षरांवरूनही एक लांब टेप वरच्या पत्र्याला चिकटवून ठेवली, कारण नाव सुटले तर खाली फरशी होती. शिरोरेघेवर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून हलता ठेवून दोन मिनिटे फिरवला. एका जागी धरायचा नाही. भट्टीसारखी हवा सोडणारी हीट-गन मिस्त्रींकडे होती, पण रंग फुगायला तिला काही क्षण पुरतात, म्हणून त्यांनी ती मला दिलीच नाही.

दोऱ्याची दोन टोके खुंट्यांना गुंडाळली आणि शिरोरेघेच्या मागे तो सरकवला. इथे एक युक्ती आहे. दोरा रंगाला घासून चालवायचा नाही, फेसाच्या मधोमध ठेवायचा, किंबहुना अक्षराच्या पाठीकडे झुकता. करवतीसारखा डावीकडे-उजवीकडे, खाली दाबायचा मोह आवरून. पहिली दहा मिनिटे काहीच होत नाही. माणसाला वाटते आपण मूर्ख आहोत. मग एकाएकी चिकट, ओलसर आवाज येऊ लागतो आणि दोरा एक सूत खाली उतरतो.

शिरोरेघ सुटायला अर्धा तास लागला. आता वरचा भाग मोकळा आणि खालची टोके घट्ट. नेमका इथेच हात शिवशिवतो. बोट आत घालून एक हिसडा दिला की झाले! मी बोट घातलेही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या गाडीवर तुम्ही असंच केलं होतं का?" मी बोट काढले आणि पुन्हा हेअर ड्रायर हातात घेतला.

मधल्या अक्षराचा काना दोऱ्याला अडला. तिथे दोरा बदलून खालून वर घेतला. सव्वा अकराला तिन्ही अक्षरे एकत्र, अखंड, कागदी टेपवर लोंबकळत राहिली. वहिनींनी दोन्ही हात खाली धरले होते. त्यांनी ती उन्हात धरून बाजूने पाहिली. वाकली नव्हती.

दारावर मात्र काळ्या फेसाचे नाव उरले होते. नखाने, ब्लेडने, सुरीने खरवडायचे नाही. परत ऊब द्यायची आणि अंगठ्याने चोळायचे, पोळीच्या कणकेची कड हाताला चिकटली की चोळून काढतो तसे. फेसाच्या बारीक वळ्या होऊन निघतात. दीड तास आणि दोन्ही अंगठे, एवढा त्याचा खर्च. ड्रिलला लावायची रबरी चाकेही मिळतात, पण घर्षणाने तापून ती रंग जाळू शकतात, आणि आपला रंग तर नाजूक.

मग चिकटा. इथे मोटार परत सावलीत घेतली आणि हेअर ड्रायर घरात पाठवला. आधी आग, मग औषध, दोन्ही एका जागी कधीही नाही, कारण यांतली बहुतेक द्रव्ये पेट घेणारी असतात. थिनर आणि नखांचा रंग काढायचे ॲसिटोन यांना तर मोटारीच्या जवळपासही फिरकू देऊ नये. खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवले, त्याने बराचसा चिकटा मऊ पडला. राहिलेल्यासाठी अल्कोहोलात निम्मे पाणी घातले, आधी दाराच्या आतल्या न दिसणाऱ्या कडेला लावून पाहिले. फडक्यावर निळे काही आले नाही. तेव्हा जीव भांड्यात पडला. हलक्या हाताने पुसले आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुतले.

दार कोरडे केले आणि मी मागे सरून पाहिले. एक ओरखडा नाही! पण नाव तिथेच होते.

स्टीलचे नव्हे, रंगाचे. बारा वर्षांच्या उन्हाने दाराचा निळा रंग फिका, दुधाळ झाला होता. अक्षरांखालचा मात्र २०१३ साली होता तसा गडद. तीन अक्षरे, शिरोरेघेसकट, सहज वाचता येत होती. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "नावाच्या जागी घासू नका. तिथला रंग चांगला आहे. खराब झालाय तो भोवतीचा. त्याला पॉलिश करा, वरचा मेलेला थर निघाला की तो नावाच्या जवळ येईल. पण फार नाही हं, रंग आधीच पातळ. थोडं दिसायचंच."

दुपारभर सर्वांत बारीक जातीचे पॉलिश घेऊन मी भोवतालचा रंग हाताने उजळत राहिलो. दर पाच मिनिटांनी थांबून फडके पाहायचो. संध्याकाळी समोरून पाहिले तर काही दिसत नव्हते. तिरक्या उन्हात, बाजूने पाहिले तर दिसत होते. मी वहिनींना तसे सांगितले. मनात धाकधूक होती, सौदा ठरलेला होता. त्यांनी बाजूला उभे राहून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "पुरे. चहा टाकते."

अक्षरांच्या पाठीवर अजून टेपचे तुकडे होते. म्हटले, तेही साफ करून देतो. त्यांनी दिली नाहीत. ती टेप दादाने कात्रीने मोजून कापलेली होती, प्रत्येक वळणाला वेगळी.

रविवारी सकाळी जुन्नरकडचा एक तरुण शिक्षक बायकोला घेऊन मोटार न्यायला आला. त्याने बोनेट उघडून पाहिले, टायर दाबून पाहिले, आणि फिरत फिरत मागे आला. सूर्य नेमका तिरका होता. तो थांबला, मान वाकडी करून दाराकडे पाहू लागला.

"इथं काही नाव होतं का, काकू?"

मी पुढे झालो. उन्हाने रंग कसा उडतो, पॉलिशने तो कसा जुळत जातो, अशी सगळी माहिती माझ्या ओठांवर तयार होती.

"होतं," वहिनी म्हणाल्या. "माझं."

त्याने ते वाचले, मोठ्याने, तीन अक्षरे. चाळीसएक वर्षांत त्या अंगणात ते नाव कुणी उच्चारले नसेल. वहिनींनी "ओ" दिली नाही, पण पदर सावरला.

मग त्याने स्टेपनीत हवा आहे का ते विचारले.